बोक्याचा उजवा पाय

ही हकिगत घडली तेव्हा मी जन्मलो नव्हतो, त्यामुळे तिच्याबद्दल मी खात्रीने बोलू शकतो. जे प्रत्यक्ष हजर होते त्यांच्यात शेवटपर्यंत एकमत झालं नाही. बोक्याच्या हातात छत्री होती की काठी, यावरून दोन सख्खे भाऊ वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. बोका लंगडत होता आणि कुणासारखा लंगडत होता, याबद्दल मात्र दुमत नव्हतं. सगळी भानगड तिथेच होती.

बोका काढला होता पेंटरने. दुकानांच्या पाट्या आणि थेटरचे बोर्ड रंगवणं हा त्याचा धंदा. बोर्डावरचा माणूस एकदा उभा राहिला की पुढचं चित्र लागेपर्यंत उभाच. नायिकेने शुक्रवारी आकाशाकडे डोळे लावले की पुढच्या गुरुवारपर्यंत तिला खाली बघायची सोय नाही. वीस वर्षं अशी माणसं उभी करून पेंटरचेच पाय दुखायला लागले होते. अशात थेटरात एकदा मुख्य चित्राच्या आधी मिनिटभराची एक गंमत दाखवली. काळ्या रेघेने काढलेला एक फुगा फुगतो, फुगतो आणि फुटतो. लोकांनी जांभया दिल्या. पेंटर मात्र पुढचे तीन दिवस जेवताना घास हातात धरून बसायचा.

"काढलेला होता गं," तो बायकोला सांगायचा. "आणि फुटला!"

"जेवण गार होतंय," पेंटरीण म्हणायची. चौथ्या दिवशी तिने ओळखलं की हे आता जेवणावर भागणारं नाही.

खिडकीपाशी टेबल आलं. टेबलात काच बसली, काचेखाली दिवा गेला. वरच्या बाजूला दोन खिळे ठोकले आणि प्रत्येक कागदाला दोन भोकं पाडून तो त्या खिळ्यांत अडकवायचा, म्हणजे खालचं चित्र वरच्या कागदातून दिसतं आणि पुढचं चित्र त्याच्यापेक्षा केसभर सरकवून काढता येतं. पेन्सिल पेंटरची, शाई पेंटरीणबाईची. कारण पेंटरचा हात पाट्यांवरच्या तीन फुटी अक्षरांना सरावलेला. बोक्याची मिशी काढायला गेला की तिचा दोरखंड व्हायचा. पेंटरीण टाक घेऊन बसली की श्वास रोखायची आणि रेघ संपली की सोडायची. ते काम चालू असताना तिच्याशी बोलायची घरात बंदी होती. पेंटरला ही बंदी फार आवडली होती, आणि तिलाही.

गोष्ट साधी होती. गल्लीच्या टोकाला दुधाची वाटी. बोका छत्री घेऊन, दोन पायांवर, मोठ्या रुबाबात तिच्याकडे निघतो. वाटेत वारा, खड्डा, उघडं दार, एक तापट कोंबडी. तो पोचतो तेव्हा उंदीर वाटी चाटून मिशा पुसत असतो. बोका त्याला मान लववून नमस्कार करतो आणि तितक्याच रुबाबात परत फिरतो.

अडचण एकच. बोका चालेना. तो सरकायचा, फरशीवरून कपाट ढकलावं तसा. पेंटरने रस्त्यावर उभं राहून माणसं बघितली, घोडे बघितले, खरी मांजरं बघितली. कागदावर उतरलं की सगळ्यांचं कपाट व्हायचं.

"पाय हलतायत," पेंटरीण म्हणाली, "पण तो चालत नाहीये. त्याला कुठे जायचंय असं वाटतच नाही."

मग एका सकाळी पेंटर खिडकीत दाढी करत होता. खिळ्याला टांगलेला आरसा, खालचा एक कोपरा उडालेला. त्या आरशात मागून त्याचे वडील येताना दिसले. पलंगापासून खिडकीपर्यंत सात पावलं. पेंटरचा वस्तरा गालावरच थांबला.

या वडिलांना सगळा गाव फोरमन म्हणायचा. छापखान्यात चाळीस वर्षं काढलेला माणूस. अकरा वर्षांपूर्वी शाळेच्या पाढ्यांच्या पुस्तकाची आठ पानं शिशाच्या खिळ्यांनी, म्हणजे छापायच्या सुट्या अक्षरांनी, जुळवून लोखंडी चौकटीत घट्ट आवळलेला फर्मा त्यांच्या डाव्या पायावर पडला. म्हणजे एकोणीस ते एकोणतीस एवढे पाढे एका दमात. फोरमन पहिलं वाक्य बोलले ते असं: "एक खिळा सांडलेला नाही. चढवा मशीनवर." मग दवाखान्यात गेले. परत आले ते लंगडत. तेव्हापासून घरात त्या पायाबद्दल कुणी बोलायचं नाही, त्याच्याकडे कुणी बघायचं नाही, असा कायदा होता. कायदा कुणी केला नव्हता, म्हणूनच तो कुणी मोडत नव्हतं. फोरमन आले की घरातली माणसं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची. तारीख आमच्या गल्लीत सर्वांत जास्त त्या घराला माहीत असे.

पेंटरने वडिलांची चाल अकरा वर्षांत पहिल्यांदा बघितली, आरशात, पाठमोरा उभा राहून. डावा पाय जरा उशिरा निघायचा. मग खांदा त्याला घ्यायला खाली वाकायचा, मान मात्र ताठ राहायची, जणू खाली काय चाललंय याच्याशी तिचा संबंध नाही. प्रत्येक पावलात एक पडणं होतं आणि एक न पडणं होतं.

"दाढी करतोयस की कोंबडी सोलतोयस?" फोरमन मागून म्हणाले. पेंटरच्या गालावरून रक्त ओघळत होतं.

त्या दिवसापासून पेंटर रोज दाढी करायला लागला. आठवड्याने बोका चालायला लागला.

एकशेबाराव्या कागदावर पेंटरीणबाईने टाक खाली ठेवला.

"अहो. हा मामंजींचा पाय आहे."

"बोक्याचा आहे."

"बोक्याला कुणी फर्मा पाडलाय अंगावर?"

पेंटर कानामागची पेन्सिल शोधत राहिला. ती कानामागेच होती. "मला दुसरी चाल येतच नाही गं," तो शेवटी म्हणाला. "मी चेष्टा करत नाहीये. हीच एक चाल आहे जिला कुठेतरी जायचंय."

"ते मला कळतंय. मामंजींना कोण सांगणार?"

"ते कुठे थेटरात येतात?"

पेंटरीणबाईने टाक पुन्हा उचलला आणि पायाला शाई भरली. तिने भरली म्हणजे आता दोघांचाही त्यात हात होता. अकरा महिन्यांनी दोन हजार नऊशे कागद झाले. मध्ये एकदा पेंटरला पश्चात्ताप झाला आणि लंगडणं काढून टाकू म्हणाला. "पाय बदलण्यापेक्षा नवरा बदलणं मला कमी कामाचं आहे," असं उत्तर मिळाल्यावर तो पुन्हा पेन्सिलीला टोक करू लागला.

कागदांचे फोटो घेतले फोटोग्राफरने. हा माणसांचे फोटो काढणारा, जुना आणि नेमस्त. त्याच्याकडे हलतं चित्र घ्यायचा एक कॅमेरा लिलावातून येऊन पडला होता. हँडल एकदा फिरवलं की एक चित्र. चित्रं तयार झाल्यावर कळलं की तीन मिनिटांची फिल्म सहा मिनिटांची झाली आहे.

"प्रत्येक कागद दोनदा घेतलात?" पेंटरने विचारलं.

"नेहमीच घेतो," फोटोग्राफर म्हणाला. "पहिल्या वेळी डोळे मिटलेले असले म्हणजे?"

"बोक्याचे? ते मी काढलेत. उघडे आहेत!"

"तुम्ही काढलेत उघडे. ऐन वेळी तो काय करेल याची हमी मी घेत नाही."

पेंटर हताश होऊन घरी आला. पण पडद्यावर बघितलं तेव्हा त्याने ते पुन्हा लावायला सांगितलं. दोनदोनदा घेतल्यामुळे बोका हळू झाला होता, आणि हळू झाल्यामुळे त्याला वजन आलं होतं. साधारण सत्तर वर्षांचं.

शुक्रवारी मुख्य चित्राच्या आधी तो लागला. चित्रं तेव्हा मुकी असत, म्हणून फिडलवाला पडद्यापुढे बसून वाजवत होता. बोक्याच्या उशिरा निघणाऱ्या पायासाठी तोही प्रत्येक वेळी जरा थांबायला लागला. पहिली दोन मिनिटं कुणी हसलंच नाही. नंतर कोंबडी आली आणि थेटर फुटलं. एक गृहस्थ उठून पडद्याच्या मागे बघून आले आणि "मागे कुणी नाही" असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. शाळामास्तरांना बोका आवडला, पण त्याची सावली दुपारच्या वेळेच्या मानाने लांब आहे अशी त्यांची तक्रार होती. डॉक्टरांनी शेजाऱ्याच्या कानात निदान सांगितलं. एका माणसाने बाहेर पडताना थेटरमालकाला विचारलं, "बोक्याला शिकवायला किती दिवस लागले?" मालक म्हणाला, "अकरा महिने." माणूस म्हणाला, "मग बरोबर. आमचं मांजर दोन वर्षांत काही शिकलं नाही, पण आम्ही मनावर घेतलं नव्हतं."

पुढच्या बाकावर एक म्हातारी होती. उंदराने वाटी चाटली तेव्हा ती उभी राहिली. "अरे, इतका पाय ओढत आला तो! त्याला थेंबभर तरी ठेवा!" दुसऱ्या दिवशी ती येताना बशीत दूध घेऊन आली आणि पडद्याच्या मागे ठेवून गेली. थेटरात उंदीर पुष्कळ होते. बशी रिकामी होत गेली आणि म्हातारीचा विश्वास वाढत गेला.

शुक्रवारच्या त्याच खेळाला फोरमनची बहीण, म्हणजे पेंटरची आत्या, गेली होती. खेळ संपल्यावर ती मुख्य चित्रासाठी थांबली नाही. सरळ पेंटरच्या स्वयंपाकघरात आली.

"मेल्या, दादाला पडद्यावर चढवलास!"

"हळू बोल ना आत्या!"

"हळूच बोलतेय. मी कुणाला अवाक्षर सांगणार नाही. मला काय करायचंय? पण मानेचा तो ताठा, अगदी दादा! मला तर हसू आवरेना, आणि मग रडू आवरेना. शेजारच्या बाईने मला पाणी दिलं." आत्याने डोळे पुसले. "त्याला कळलं तर तो तुझ्याशी जन्मात बोलणार नाही, सांगून ठेवते. पायाचं दुखणं त्याने सोसलं, पण कुणी बघितलेलं सोसलं नाही."

आत्याने अवाक्षर सांगितलं नाही. शनिवारी दुपारपर्यंत छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्यांपासून मशीनवाल्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं. त्यातल्या आठ जणांनी ठरवलं की आपल्या जुन्या फोरमनला रविवारी दुपारच्या खेळाला न्यायचं. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. आपल्या माणसाचं चित्र लागलंय, त्याने ते बघायला नको? इतका साधा विचार करणारी माणसं जगात सर्वांत धोकादायक.

पेंटर थेटरमालकाकडे धावला. "रविवारी दुपारी तेवढं दाखवू नका."

"वेड लागलंय का? माझ्या थेटरात आजवर लोक पहिली दहा मिनिटं बाहेर पान-विडी उरकायचे. आता वेळेच्या आधी येऊन बसतायत. मुख्य चित्र लागलं की उठून जातात, तो भाग वेगळा."

मग पेंटरने घरी प्रयत्न केला.

"बाबा, थेटरच्या खुर्च्या फार टणक आहेत."

"चाळीस वर्षं स्टुलावर बसलो."

"आत अंधार असतो."

"त्याशिवाय दिसेल कसं?"

"नुसतं मांजर आहे हो. बोका."

"मग बोका बघू," फोरमन म्हणाले आणि कोट झटकायला लागले. पेंटरीण कॅलेंडरकडे बघत होती. रविवारच होता.

आठ जण, मध्ये फोरमन, पलीकडे आत्या, आत्याच्या शेजारी पेंटरीण. आत्याच्या तोंडावर हात ठेवावा लागला तर जवळ असावं, म्हणून. पेंटर खुर्चीवर बसला नाही. पडद्याच्या बाजूला भिंतीला टेकून उभा राहिला. सगळं थेटर पडद्याकडे बघत होतं आणि तो एकटा थेटराकडे.

बोका निघाला. मागच्या रांगा हसल्या. आठ जण हसले, आणि मग एकेकाच्या लक्षात आलं की मध्ये कोण बसलंय. हसू डावीकडून उजवीकडे विझत गेलं. आठ मोठी माणसं एकदम खोकायला लागली. आत्या म्हणाली, "अगं बाई, हा तर..." आणि पेंटरीणबाईचा हात वेळेवर पोचला.

पडद्याचा पांढरा उजेड फोरमनच्या चेहऱ्यावर हलत होता. चेहरा हलत नव्हता. कपाळावर फक्त एक आठी होती आणि डोळे बारीक झाले होते. हा चेहरा पेंटरला लहानपणापासून ठाऊक होता. पहिलं प्रूफ हातात आलं की तो असा व्हायचा. सहा मिनिटं पेंटर वडिलांकडे बघत राहिला. आरशात नाही, समोरून. बोका उंदराला नमस्कार करून परत फिरला, दिवे लागले, आणि थेटरातल्या ओळखीच्या प्रत्येक माणसाने खाली, फोरमनच्या बुटाकडे बघितलं.

फोरमन उठले. एक पाऊल रांगेच्या बाहेर आले.

"छपाई चांगली आहे," ते म्हणाले. "काळा काळा उठलाय, पांढरा पांढरा. शाई कुणी भरली?"

"मी, मामंजी," पेंटरीणबाईचा आवाज कुठूनतरी खोलातून आला.

"कुठे पसरलेली नाही. शाबास." मग त्यांनी आठ जणांवरून नजर फिरवली. "चूक मात्र एक आहे. कुणाला दिसली?"

 एवढ्या वर्षांनीही त्या प्रश्नाने आठ जणांचे तळवे ओले झाले.

"हा बोका उजव्या पायाने लंगडतो," फोरमन म्हणाले. "मी डाव्या पायाने लंगडतो."

लंगडतो हा शब्द त्या माणसाने बारा वर्षांत पहिल्यांदा उच्चारला होता. आत्या रडायला लागली.

"तेव्हा हा मी नव्हे. ज्याला डावं-उजवं कळत नाही त्याने खिळ्याला हात लावू नये. आता बसा खाली, मुख्य चित्र लागतंय. पैसे दिलेत."

सबंध थेटर हसलं. आठ जण सर्वांत मोठ्याने, सुटल्यासारखे. पेंटरला मात्र हसू येईना, कारण हसणाऱ्यांना माहीत नसलेलं त्याला माहीत होतं. आपण पाय नेमका चुकवला कुठे, ते त्याला आत्ता कळलं होतं; आणि जे आपल्याला कळतं ते बाबांना आधी कळतं.

घरी आल्यावर फोरमन पलंगावर बसले. बूट काढले. पेंटर खिडकीपाशी उभा होता.

"आरशात बघून काढलास," फोरमन म्हणाले.

पेंटरने खिळ्यावरचा आरसा पालथा केला.

"खिळा उलटा असतो, तेव्हा कागदावर अक्षर सरळ उठतं. चाळीस वर्षं मी उलटं वाचलंय. हा बोका मी पहिल्या चार पावलांत वाचला. सरळ बघून का नाही काढलास?"

पेंटर वळला. मग जे बारा वर्षं कॅलेंडरला सांगत होता ते बोलला. "तुमच्या पायाकडे सरळ बघायची सोय आहे का या घरात?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

फोरमननी या प्रश्नावर विचार केला. ते न्यायी गृहस्थ होते. "नाही," ते म्हणाले.

मग उठले. अनवाणीच. "कागद घे. उभा काय राहिलास? आणि सूनबाईंना बोलव, त्यांना दाराआडून दिसायचं नाही."

ते पलंगापासून खिडकीपर्यंत आले. सात पावलं. वळले, परत गेले.

"टाच बघ. आधी टाच पडते, मग पाऊल बाहेर जातं. तुझ्या बोक्याला टाचच नाही."

"आरशाचा खालचा कोपरा उडालाय, बाबा."

"अच्छा. तरीच." ते पुन्हा चालले. सात पावलं, सात पावलं. "खांदा बरोबर काढलायस. खांदा चांगलाच काढलायस." तिसऱ्या फेरीला त्यांचा श्वास वर झाला होता, पण ते थांबले नाहीत, आणि पेंटर आणि पेंटरीण दोघंही कॅलेंडरकडे बघत नव्हते.

पुढचा बोका सात महिन्यांनी आला. डाव्या पायाने लंगडणारा, टाचेसकट, अगदी शुद्ध. पहिल्याच खेळाला मागून आरडाओरडा झाला, "पाय चुकला! पाय चुकला!" शाळामास्तरांनी पत्र लिहिलं. म्हातारी मालकाकडे जाऊन म्हणाली, "हा तो बोका नव्हे. हा कुणी तोतया आहे. माझी बशी परत द्या." मालक पेंटरकडे आला आणि पेंटर वडिलांकडे.

"कठीण आहे," फोरमन म्हणाले. "मीही पाढ्यांच्या पुस्तकात एकदा एक चूक दुरुस्त केली होती. मास्तर म्हणाले, पोरांचं जुनं पाठ झालंय, तेच छापा. लोकांना पाठ झालेली चूक काढून घेऊ नये. पुढच्या वेळी उजवा ठेव."

"आणि तुम्ही दाखवलीत ती टाच?"

"टाच राहू दे. ती कुणी मोजत नाही."

तिसरा बोका तयार होत होता तेव्हाची गोष्ट. पेंटर थेटरसमोर शिडीवर चढून बोर्ड रंगवत होता. खालून फोरमन चालले होते, संथ, मान ताठ, हातात छत्री. थेटरच्या पायरीवर एक लहान मुलगी आईचा हात धरून उभी होती. तिने त्यांना बघितलं आणि आईचा हात ओढला.

"आई, बोका!"

"गप्प! असं म्हणतात का?" आई लाजेने लाल झाली. "माफ करा हं, आजोबा."

"पण त्यांचा पाय वेगळा आहे," मुलगी बारकाईने बघत म्हणाली. "ते नाहीयेत ते."

फोरमन थांबले. त्यांनी रस्त्याच्या एका टोकाकडे बघितलं, मग दुसऱ्या. वर शिडीकडे बघायचं राहिलं. मग छत्री नीट काखेत घेतली, आणि पुढची सात पावलं ते उजव्या पायाने लंगडत गेले. काम सोपं नव्हतं. डाव्या पायाला ओझं पेलत नव्हतं आणि उजव्याला लंगडायची सवय नव्हती. पण खांदा बरोबर वाकला आणि मान हलली नाही. सातव्या पावलाला त्यांनी वळून मुलीला वाकून नमस्कार केला.

मुलगी ओरडायचंही विसरली.

बोर्डावरच्या नायिकेच्या गालावर रंगाचा ओघळ उतरत होता, तिकडे पेंटरचं लक्ष नव्हतं. शिडीवरून त्याला कोपऱ्यापलीकडचा रस्ताही दिसत होता. तिथे वळल्यावर फोरमन भिंतीला हात टेकून क्षणभर उभे राहिले, स्वतःशीच काहीतरी पुटपुटले, आणि मग त्यांचा डावा पाय पुन्हा कामावर रुजू झाला.